बातमी वाचताना नकाशा आणि सनावळी कशी वापरायची? (पंचगंगा, अलमट्टी, चप्पल आणि बाकीचं)

प्रयागकाठ (धागाकर्ता)

पावसाळा लागला की कोल्हापुरात तीन वाक्यं मोबाईलवरून फिरायला लागतात. ‘राधानगरी सोडलं, आता पूर येणार.’ ‘हे सगळं अलमट्टीमुळं.’ (म्हणजे कर्नाटकातलं, कृष्णेवरचं धरण.) ‘शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही.’ तिन्ही तपासून बघता येतात. त्याला लागतं ते शाळेत शिकवलेलंच: समुद्रसपाटीपासूनची उंची, पर्जन्यमान, नकाशाचं प्रमाण, सनावळी आणि थोडा गुणाकार. शाळा सुटली की इतिहास-भूगोल मार्कांबरोबर मागं पडतो आणि रोजच्या बातमीपुढं माणूस हात टेकतो, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून हा धागा. इथं मतांपेक्षा रीत हवी आहे. कुठल्या बातमीला कुठला नकाशा लावायचा, कुठलं साल बघायचं आणि हिशेब नेमका कुठं चुकतो, ते लिहा.

पहिलं वाक्य मीच घेतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा होते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात). राधानगरी धरण यातल्या एकट्या भोगावतीवर आहे. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं हे धरण ८.३६ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), सात स्वयंचलित दरवाजांचं. स्वयंचलित म्हणजे पाणी ठरावीक पातळीला आलं की दरवाजा दाबानं आपोआप उघडतो, बटण कुणी दाबत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट). सातही उघडले तर सुमारे १०,००० आणि वीजगृहाचं धरून साडेअकरा हजारांच्या आसपास.

आता पावसाचा हिशेब. १,००० चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी घनमीटर पाणी, म्हणजे ३.५३ टीएमसी. जमीन आधीच भिजून चिंब असेल तर त्यातलं ६० टक्के वाहून आलं असं धरा: २.१ टीएमसी. एक टीएमसी २४ तासांत वाहायला ११,५७४ क्युसेकचा प्रवाह लागतो. म्हणजे फक्त हजार चौरस किलोमीटरवरच्या एका दिवसाच्या पावसानं सुमारे २४,५०० क्युसेक होतात, राधानगरीच्या सगळ्या विसर्गाच्या दुपटीहून जास्त. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीच्या पश्चिम भागात एका दिवसात २०० मिलिमीटर ही काही नवलाची गोष्ट नाही.

तेव्हा दरवाजे उघडल्याची बातमी आली की पहिला प्रश्न ‘गगनबावड्याला काल किती पडला?’ हा. धरणाखाली पडणारा पाऊस कुणाच्याच हातात नसतो.

हिशेब दोन ठिकाणी चुकतो. एक, क्युसेक आणि टीएमसी यांची गल्लत. क्युसेक हा वाहण्याचा दर आहे, टीएमसी हा साठा. वेळेशिवाय त्यांची तुलना होत नाही. दोन, काळम्मावाडीचं पाणी पंचगंगेच्या खात्यात मांडलं जातं. काळम्मावाडी दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा पुढं परस्पर कृष्णेला मिळते. कोल्हापूर शहराला तिचं पाणी पाईपलाईननं प्यायला येतं, पुरानं येत नाही.

शिरोळकर

हिशेब झकास. पण आमच्या शिरोळात पाऊसच किती पडतोय ओ? वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आणि पाणी बघाल तर जिल्ह्यात सगळ्यात जास्त दिवस आमच्याच शिवारात उभं. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर, सगळी तीच गत. मग माणसं अलमट्टीचं नाव घेणारच की. त्याचं तपासायचं कसं ते सांगा.

समोच्च रेषा

शिरोळकर, तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास आणि शिरोळला पाचशे. पश्चिम-पूर्व जेमतेम शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात दहापट फरक. शिरोळचा पूर शिरोळच्या आभाळातून येत नाही. पंचगंगा, कृष्णा आणि कृष्णेत वरून आलेली वारणा, या तिघींचं पाणी तुमच्या तालुक्यात गोळा होतं. वारणा धरण ३४.४ टीएमसी आणि कोयना १०५.२५ टीएमसी. ही दोन्ही कृष्णेच्या बाजूची. कृष्णा फुगलेली असेल तर नृसिंहवाडीला पंचगंगेला वाटच मिळत नाही, पाणी मागं तुंबतं. हा फुगवटा आपल्या घरातलाच आहे, त्याला राज्याची हद्द ओलांडावी लागत नाही.

आता अलमट्टी. धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ही फुटांतली मोजणी तिथल्या पट्टीच्या शून्यापासूनची आहे. समुद्रसपाटीपासून बघितलं तर ४३ फूट म्हणजे सुमारे ५४३ मीटर. दोन्हींत तेवीसेक मीटरचा फरक आणि मध्ये नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. तेव्हा अलमट्टीचं पाणी ‘चढून’ कोल्हापूरला येतं हे म्हणणं टिकत नाही.

पण इथं थांबू नका, कारण पुरात नदीचा पृष्ठभाग सपाट नसतो. खाली पाणी अडलं तर वरचा उतार मंदावतो, वेग कमी होतो आणि पातळी धरणाच्या पाण्यापेक्षा वर राहते. ही फुगवट्याची वक्ररेषा किती मागं पोचते, ते नदीचा उतार, पात्राची रुंदी, मधले पूल आणि बंधारे यांवर ठरतं. घरबसल्या करायची चाचणी अशी: अलमट्टी, हिप्परगी (कर्नाटकातला कृष्णेवरचा बंधारा), शिरोळचा राजापूर बंधारा, नृसिंहवाडी आणि राजाराम, या पाच ठिकाणच्या पातळ्या एकाच वेळेच्या, निदान आठ दिवस, एका कागदावर मांडा. पातळी आधी वरच्या ठिकाणी वाढून मग खाली सरकत असेल तर पूर वरून आलेला. आधी खाली वाढून मग वर सरकत असेल, किंवा वरचा पाऊस थांबल्यावरही खालची पातळी अडून बसलेली असेल, तर खालच्या अडथळ्याचा संशय रास्त. सोबत अलमट्टीची आवक आणि जावक लिहा. आवक जास्त आणि जावक कमी असे सलग दिवस दिसले तर त्या तारखांवर बोट ठेवून बोलता येतं.

दप्तरखाना

यात साल जोडतो. १९८९ ला पंचगंगेला मोठा पूर आला, त्यानंतर चिखली-आंबेवाडीकरांना सोनतळीला जागा देण्यात आल्या. त्या वेळी अलमट्टीत पाणी साठवायला सुरुवातही झालेली नव्हती. म्हणजे मोठा पूर अलमट्टीशिवायही येतो, एवढं सिद्ध होतं. अलमट्टीनं काहीच फरक पडत नाही, हे मात्र त्यानं सिद्ध होत नाही. इतिहासाचा पुरावा वापरताना ही रेघ सांभाळायला हवी.

दुसरं, अलमट्टीची उंची वाढवायचा वाद समजायला लवादांची (राज्यांमधला पाणीवाटा ठरवणाऱ्या न्यायमंडळांची) सनावळी लागते. १९५६ ला भाषावार राज्यं झाली, त्या हद्दी धरून बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८०० टीएमसी. पुढं ब्रिजेशकुमार लवादानं २०१० च्या निवाड्यात अलमट्टीला ५२४.२५६ मीटरपर्यंत मान्यता दिली. आजच्या पातळीपेक्षा साडेचार मीटरहून जास्त. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही, त्यावर वादही झाला. पण ते निष्कर्ष तेव्हाच्या पातळीचे आहेत. उंची वाढली तर हिशेब नव्यानं मांडावा लागेल, ही मागणी सरळ आणि रास्त आहे. बातमीत ‘अलमट्टी’ दिसलं की आधी बघा, विषय ५१९.६ चा आहे की ५२४.२५६ चा. निम्मी भांडणं या दोन आकड्यांच्या सरमिसळीतून होतात.

शिरोळकर

हे पटलं. पाच ठिकाणचा तक्ता पोरांना करायला लावतो.

गणिताचा तास

तिसरं वाक्य राहिलं, ‘शंभर वर्षांचा पूर’. महाराष्ट्रात पूररेषा दोन. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी येण्याची शक्यता: १ वजा ०.९९ चा तिसावा घात, म्हणजे सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेवरच्या घराला हाच आकडा सुमारे ७० टक्के. प्लॉट घेताना रेषेच्या आत की बाहेर एवढंच विचारतात. हे दोन आकडे समोर ठेवले तर निर्णय बदलतो.

आणि हे १ टक्का येतं कुठून? जुन्या नोंदींतून. दरवर्षीची सर्वांत वरची पातळी घेऊन त्यावर गणित करतात. नोंदी ४० वर्षांच्या असतील तर १०० वर्षांचा अंदाज ताणूनच काढलेला असतो. २००५, २०१९, २०२१ अशी सोळा वर्षांत तीन मोठी वर्षं आली, त्यातल्या शेवटच्या दोन वेळी राजारामला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अशी वर्षं यादीत आली की रेषाच सरकते. म्हणून नकाशावर रेषा बघताना ती कुठल्या सालापर्यंतच्या नोंदींवर आखली आहे, हे आधी विचारायचं.

व्हीनस कॉर्नर

शहरातल्या माणसांसाठी एक. कसबा बावड्याच्या बाजूला आणि शाहूपुरी कुंभार गल्लीत पाणी येतं, आणि तितक्याच अंतरावरच्या दुसऱ्या पेठेत येत नाही. नदीपासूनचं अंतर मोजून हे कळत नाही, कारण पाणी जयंती नाल्यातून उलटं आत येतं. नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाल्याचं पाणी बाहेर पडायचं बंद होतं, मग नदीच नाल्यातून शहरात शिरते. म्हणून आपलं घर नदीपासून किती लांब, हे बघण्यापेक्षा जवळच्या नाल्याच्या काठापासून किती उंच, हे बघा.

इतिहास इथंही आहे. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ ला सुरू झाली आणि शाहू महाराजांनी १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाच्या व्यापारासाठी, स्टेशनच्या शेजारी. गुळाच्या रव्यांची चढउतार करायला रूळ जवळ हवा, ही त्या काळची गरज. त्याआधीचं गाव महालक्ष्मीच्या देवळाभोवती, उंचवट्यावर. जुनी वस्ती कोरडी आणि नवी वस्ती ओली, असं बऱ्याच नदीकाठच्या शहरांत दिसतं. त्यामागचं कारण शोधायला वस्ती कुठल्या साली आणि कशासाठी झाली, हे दोन प्रश्न पुरतात.

ट्रान्सपोर्ट नगर

शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळी पाण्याखाली जाऊन बंद पडला. भरावामुळं पाणी अडतं म्हणतात. ते नकाशावर दिसतं का?

समोच्च रेषा

दिसतं, पण कुठल्या नकाशावर ते महत्त्वाचं. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा स्थलदर्शक नकाशा घ्या. कोल्हापूर शहराचा पश्चिम भाग ४७ एल/२ मध्ये आणि पूर्वेकडचा ४७ एल/६ मध्ये येतो. ७४ अंश १५ मिनिटं हे रेखावृत्त शहरातूनच जातं. नृसिंहवाडी ४७ एल/१०, गगनबावडा ४७ एच/१४. हे क्रमांक जुन्या मालिकेचे. नव्या मालिकेत क्रमांक वेगळे आहेत आणि मापनाचा आधारही वेगळा, त्यामुळं जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश जीपीएसवर जसेच्या तसे लावले तर ठिकाण शंभर-दीडशे मीटर सरकतं. पूल नदीच्या शेजारी पडला असं दिसलं की समजा, हीच चूक झाली.

या प्रमाणावर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर आणि दोन समोच्च रेषांत (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) उंचीचं अंतर २० मीटर. इथंच बरेच जण फसतात. कोल्हापूरच्या पुराचा सगळा खेळ पाच-सात मीटरच्या आतला. २० मीटरच्या रेषांवर तो दिसणारच नाही. या नकाशावरून पाण्याची वाट बघायची: रेषांचे इंग्रजी ‘व्ही’सारखे कोन ज्या दिशेला टोक करतात, तिकडून पाणी येतं. नाले कुठून सुटतात, नदी किती वळणं घेते आणि रस्ता नदीच्या सखल पट्ट्याला आडवा जातो की समांतर, हे बघा. महामार्ग उत्तर-दक्षिण, पंचगंगा पश्चिम-पूर्व. म्हणजे रस्ता पूरमैदानाला आडवाच जाणार, त्याला इलाज नाही. प्रश्न एवढाच की त्या पट्ट्यात कमानी किती आणि भराव किती. ते जागेवर जाऊन मोजावं: सखल पट्ट्याची एकूण रुंदी आणि त्यातली पाणी जायला मोकळी असलेली रुंदी, पुलाखालची, मोऱ्यांची धरून. मोकळी रुंदी एकूण रुंदीच्या किती टक्के, हा आकडा घेऊन बोललं की चर्चा जमिनीवर येते.

प्रयागकाठ

यात बंधारेही धरा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत आपल्या गावाच्या नावानं आहे, पण तो कसा चालतो हे इथंच सगळ्यांना माहीत नसतं. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रिटचे खांब, खांबांना उभ्या खाचा, खाचांत एकावर एक बरगे (आडव्या फळ्या). पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास बरगे घालायचे, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याआधी सगळे काढायचे. पुरात फक्त खांब उभे, पाण्याला वाट मोकळी. गाळ साचत नाही, मोठं बुडीत क्षेत्र होत नाही.

बिघडतं ते बरग्यांपाशी. लवकर घातले आणि परतीचा पाऊस आला तर पाणी शेतात. काढायला उशीर झाला तर खांबांच्या मध्ये झाडाचे ओंडके, जलपर्णी, प्लॅस्टिक अडकून बंधाऱ्याची भिंतच होते. लाकडी बरगे वाकले, सुकून फटी पडल्या की गळती; म्हणून दोन ओळी घालून मध्ये माती भरतात, आणि ती माती नीट ठोकली नाही तर आठवड्यात वाहून जाते. लोखंडी बरगे चोरीला जातात. उन्हाळ्यात ‘बंधारा कोरडा’ अशी बातमी आली की पाऊस कमी झाला असं धरू नका. बरगे सगळे जागेवर आहेत का, ते आधी बघा.

सुभाषनगर

पूर पुरे, आता चपलेची बातमी घेऊ. जून २०२५ ला मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि सगळीकडं गदारोळ झाला. तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (२०१९) एकट्या कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले चार जिल्हे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले चार: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. ‘आमची चप्पल त्यांना कशी दिली?’ असा राग निघाला. नकाशा आणि साल बघितलं की राग निवतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव, धारवाड आणि विजापूर (बागलकोट तेव्हा विजापुरातच) मुंबई राज्यात होते. कोल्हापूर संस्थानचे रायबाग आणि कटकोळ हे भाग आज बेळगाव जिल्ह्यात आहेत. अथणी, निपाणीचे कारागीर आणि आपले कारागीर यांच्यात हद्द आली ती नंतर. धंदा हद्दीच्या आधीचा.

आणि हा धंदा इथंच का, याचं उत्तर भूगोलात. कोल्हापुरी चपलेचं कातडं वनस्पतीनं कमवतात: बाभळीची साल आणि हिरडा. हिरडा पश्चिमेच्या सह्याद्रीतल्या जंगलातला, बाभूळ पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातली. मध्ये बारमाही पाणी, जनावरांचे बाजार आणि संस्थानचा आश्रय. जुन्या पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून ती टांगतात आणि आत साल-हिरड्याचं पाणी भरतात, पाणी आतून झिरपत कातडं कमावलं जातं. घाई केली तर मधला थर कच्चा राहतो. असं कातडं कापल्यावर मध्ये फिकट पांढरट रेघ दिसते आणि चप्पल पावसाळ्यात फुगून वास मारते. खरी ओळख शिवणीत: खिळा नाही, चामड्याच्या वादीनं शिवलेली.

आजच्या बातमीला जोडायचं तर, मानांकन नावाचं आणि पद्धतीचं संरक्षण करतं, आकाराचं सरसकट करत नाही. आणि ते भारताच्या कायद्यानं मिळालेलं. परदेशात ते आपोआप लागू होत नाही, तिथं वेगळी नोंद किंवा करार लागतो. हे माहीत असलं की ‘केस का केली नाही’ या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळतं. उरलेलं निम्मं कच्च्या मालाचं. मार्च २०१५ पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीवर नाही. कुठलं कातडं कुठून येतं, त्याचा भाव का वाढला, हे विचारताना ते साल लक्षात ठेवा.

घाटवाट

एक विषय राहू नये. कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीला १९४५-४६ च्या उत्खननात सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली, आणि तिथलीच पोसायडनची (ग्रीकांचा समुद्रदेव) कांस्य मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. भूमध्य समुद्राकडची वस्तू पंचगंगेच्या काठाला कशी आली, ते कोकणातली बंदरं आणि आपले घाट नकाशावर जोडले की दिसतं: अणुस्कुरा, फोंडा, आंबा, गगनबावड्याकडचे घाट. आज कोल्हापूर ते कोकणातल्या वैभववाडी रेल्वेची चर्चा निघते, ती वाटही त्याच दिशेची. ती इतकी वर्षं का रेंगाळते, त्याचा एक साधा हिशेब. रेल्वेला १०० मीटरमागं १ मीटर उतार सोसतो असं धरलं तर ५०० मीटर उतरायला ५० किलोमीटर रूळ लागतो. घाटाचा कडा नकाशावर काही किलोमीटरात तेवढा उतरतो. म्हणून बोगदे आणि वळसे, म्हणून खर्च. बोरघाटात १:३७ चा चढ घेतला, तर तिथं आजवर गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागली आहेत.

लांबच्या जगासाठीही हीच रीत. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून युरोपला जाणारं कास्टिंग दहा-चौदा दिवस उशिरा पोचू लागलं, कंटेनरचं भाडं वाढलं. १८६९ ला सुवेझ कालवा उघडण्याआधी जहाजांना हाच वळसा घ्यावा लागायचा.

नववी ब

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. माझ्यासमोर १४ वर्षांची मुलं आहेत आणि तास ३५ मिनिटांचा. जुनी कागदपत्रं आणि आकडे मुलांना दाखवायचे तर कुठल्या चुका टाळू? आणि वर्गाबाहेर करण्यासारखं एखादं काम सांगा.

दप्तरखाना

ताई, कागदपत्रांचं आधी. कोल्हापूरचा जुना गॅझेटियर म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालिकेतला २४ वा खंड, १८८६ चा. सुरुवात त्यातल्या पर्जन्यमान, पिकं आणि रस्ते या भागांनी करा. पाऊस इंचांत आहे, २५.४ नं गुणा. त्यातलं ‘कोल्हापूर’ म्हणजे संस्थान. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरी धरून. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं, काही भाग बेळगावकडं गेला. चंदगड १९५६ ला बेळगावातून इकडं आलं. त्यामुळं ‘१९४१ ला कोल्हापूरची लोकसंख्या एवढी आणि १९६१ ला एवढी’ अशी थेट वजाबाकी चुकते. तुलना करायचीच तर करवीर किंवा पन्हाळा असा एकेक तालुका घ्या, आणि त्याच्याही हद्दी त्या दोन सालांत बदलल्या का ते बघा.

सालांचं: शक अधिक ७८ म्हणजे इसवी सन, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९ मिळवायचे. मराठी कागदांत शुहूर सन असतो, त्यात ५९९ मिळवा, आणि ते वर्ष मृगाला, म्हणजे जूनमध्ये बदलतं. ‘इहिदे सितैन अलफ’ (अरबी आकडे: एक, साठ, हजार) म्हणजे १०६१, अधिक ५९९ म्हणजे १६६०, सिद्दी जौहरच्या वेढ्याचं साल. मुलांना हे उलगडायला फार आवडतं. फसली (महसुली) सनाला ५९०. दोन सन एकमेकांत मिसळले की नऊ वर्षांची चूक होते.

समोच्च रेषा

वर्गाबाहेरचं काम: आपल्या गल्लीची पूरपातळी मोजणं. १० मीटर पारदर्शक नळी घ्या, गवंडी वापरतात ती. दोन मीटरपट्ट्या, खडू, वही.

आधी भिंतीवर पुराची खूण शोधा. गाळाची आडवी रेघ घ्यायची, ओल घ्यायची नाही. विटांची भिंत पाणी वर शोषते, ओल खऱ्या पातळीच्या फूटभर वरही असते. साल २०१९ चं की २०२१ चं, हे तीन घरांत वेगवेगळं विचारा आणि तिघांचं जुळलं तरच लिहा.

मग नळीत पाणी भरा, एक टोक बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं ओढून. आत एकही बुडबुडा नको. असला तर नळी उभी धरून टिचक्या मारून तो वर आणा. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का, हे आधी तपासा. मग एक मूल खुणेपाशी, दुसरं नळी पुरेल तिथं. चालताना टोकांवर अंगठा, मोजताना दोन्ही अंगठे काढलेले. एक अंगठा राहिला की आकडा चुकतो, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त वेळा होतं. पाणी डुलायचं थांबलं की खडूनं खूण. नळी उन्हात पडलेली नको, अर्धी सावलीत अर्धी उन्हात तर मुळीच नको.

असं टप्प्याटप्प्यानं नाल्याच्या काठापर्यंत जा आणि त्याच वाटेनं परत मोजत या. सुरुवातीच्या खुणेला परत आल्यावर फरक २ सेंटीमीटरच्या आत असला पाहिजे. जास्त असेल तर मधला एखादा टप्पा चुकलाय, पुन्हा मोजा. टोकं उभी धरल्यावर नळी आठेक मीटरच पुरते, तेव्हा २०० मीटरच्या गल्लीला एका बाजूनं पंचवीसेक टप्पे, म्हणजे चाळीस मुलांचा वर्ग चार गटांत दोन तासांत पुरा करेल. शेवटी गल्लीचा छेद आलेख-कागदावर: आडवं १ सेंटीमीटरला १० मीटर, उभं १ सेंटीमीटरला ५० सेंटीमीटर. दोन्ही प्रमाणं कागदावर लिहायला लावा, नाहीतर मुलांना गल्ली डोंगरासारखी दिसेल. त्यावर २०१९ आणि २०२१ च्या रेषा ओढा, आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याची उंची.

नववी ब

नाल्याचा काठ पावसाळ्यात सुरक्षित नसतो. हे काम डिसेंबरला घेते. खुणा तोवर राहतील का?

समोच्च रेषा

रंगकाम झालं नाही तर राहतील. आताच खुणांचे फोटो काढून ठेवा, फोटोत मीटरपट्टी जमिनीला टेकलेली दिसली पाहिजे. दिवाळीच्या आधी काढा, त्या सुमाराला घरं रंगवतात.